रेघेखालचं पहिलं नाव

१२ जानेवारी, सोमवार. १४८/९४

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली. कामावरून आलो की मशीन दंडाला लावायचं, आकडे लिहायचे आणि त्या दिवशी काय झालं ते खाली थोडक्यात लिहायचं. "म्हणजे रक्तदाब कशाने वाढतो ते कळेल, मिस्टर दुदेक." कशाने वाढतो ते मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या चष्म्याच्या वरून बघतात, आणि तसं बघणाऱ्या बाईला मी आजवर नाही म्हणू शकलेलो नाही.

तर आज लाइनचा वेग कमी केला. ताशी बावन्न गाड्या होत्या, आता चाळीस. पेंट विभागात माझं काम सगळ्यात शेवटचं. रंग सुकून आलेल्या गाडीवर तळवा फिरवायचा, दाणा लागला की घासून काढायचा. एकोणतीस वर्षं हेच करतोय. आज दोन गाड्यांच्या मध्ये एवढा वेळ मिळाला की मी आणि शेजारी काम करणारी बर्निस नुसते हातमोजे काढत होतो आणि घालत होतो. सुपरवायझर म्हणतो, तात्पुरतं आहे. गावाबाहेरच्या जत्रेच्या मैदानात न विकलेल्या गाड्या रांगेने उभ्या आहेत. बर्फ पडल्यापासून सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात.

१५ जानेवारी, गुरुवार. १५०/९४

जेवणाच्या सुटीत यूकर, आमचा रोजचा पत्त्यांचा डाव. मी आणि बर्निस भिडू, समोर गस आणि ड्वेन. गस आमचा युनियनचा प्रतिनिधी. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट तासाभरात बॉयलरपर्यंत पोचते. ड्वेन पुलियम मूळचा केंटकीकडचा. इंडियानातला त्याचा कारखाना बंद पडला, पाच वर्षांपूर्वी इथे आला, पन्नाशीत पुन्हा शून्यापासून नोकरी. त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण हा माणूस परदेशी गाडी चालवतो. मेव्हण्याने दिली म्हणे. आमच्या गेटवर पाटीच आहे की असल्या गाड्या पार पलीकडे, कुंपणाला लागून उभ्या करायच्या. तिथून हा वाऱ्यात कुडकुडत चालत येतो.

"काय ड्वेन, समुद्र ओलांडून यायला आज उशीर झाला?" मी विचारलं.

"गेल्या महिन्यात तुझा ट्रक बर्फात रुतला होता, तो हिनेच ओढला ना रे?"

"ओढला म्हणून ती इथली होत नाही."

"पान टाक, म्हाताऱ्या."

शेवटचा हात आम्ही जिंकला. हे लिहून ठेवतो, कारण उद्या तो नाही म्हणेल.

२० जानेवारी, मंगळवार. १५८/९८

दुपारी लाइन थांबवली आणि सगळ्यांना गोळा केलं. मॅनेजरने कागद काढून वाचला. मागणी नाही, माल पडून आहे, २७ फेब्रुवारीला दुसरी शिफ्ट बंद. वाचताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

माझी शिफ्ट पहिली. जेनाची दुसरी. जेना आमची एकुलती एक. एकतीस वर्षांची आहे, सहा वर्षं कारखान्यात झाली, आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून राहते. दर रविवारी जेवायला येते. घरी आल्यावर बायकोला, लोइसला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे, जेनाचा फोन आला होता." मला नाही केला.

२३ जानेवारी, शुक्रवार. १६२/९८

कँटीनबाहेर यादी लागली. सगळ्या कारखान्याची एकच लांबलचक यादी, जुने वर, नवे खाली, आणि मध्ये एक जाड रेघ. रेघेच्या वरचे राहणार, खालचे जाणार. माणसं येत होती, नावावर बोट ठेवत होती आणि बाजूला होत होती.

रेघेखालचं पहिलं नाव: दुदेक, जेना एम.

पहिलं! ती रेघेच्या शंभर नावं खाली असती तर मी गप्प बसलो असतो. एका नावासाठी माझी पोर जाणार. तिच्या बरीच खाली पुलियम, ड्वेन आर. तो माझ्या शेजारीच उभा होता. म्हणाला, "माझी ही दुसरी खेप. सवय झालीय."

२५ जानेवारी, रविवार. १५४/९६

जेना जेवायला आली. मला वाटलं होतं रडेल. ती शांत होती, सॉसेज आणि कोबी दोनदा घेतला. "ठीक आहे बाबा, काहीतरी होईल," म्हणाली. माझ्याकडून मोजायची टेप मागून घेतली, घरचा सोफा मोजायचाय म्हणे. सोफा मोजून काय करणार ते विचारलं नाही. मग स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिची उंची दरवर्षी पेन्सिलीने लिहायचो त्या खुणांचा फोटो काढत बसली. पोरगी हळवी झालीय. घर, गाव सोडायची कल्पनाच तिला सहन होत नसणार.

लोइस कांदा चिरत होती, डोळे लाल. सूप तर आधीच झालं होतं, मग कांदा कशाला, कोण जाणे.

२८ जानेवारी, बुधवार. १५६/९४

आज दिवसभर वडील डोक्यात.

२००१ साली अशीच मंदी आली तेव्हा मला कारखान्यात पाच वर्षं झाली होती आणि जेना शाळेत होती. माझं नावही रेघेच्या खाली होतं. एका सोमवारी नवी यादी लागली आणि मी वर. मला वाटलं, नशीब. दोन आठवड्यांनी वडील घरातच दिसायला लागले, गराजमध्ये खटपट करत. त्यांची छत्तीस वर्षं झाली होती. त्यांनी आपणहून ले-ऑफ घेतला होता. एक जुना माणूस स्वखुशीने गेला की रेघ एका नावाने खाली सरकते. मला बोलले नाहीत, आईलाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "गुडघे दुखतात." मरेपर्यंत गुडघ्यांवरच ढकललं.

आमच्या घरात असल्या गोष्टी बोलून करत नाहीत.

३० जानेवारी, शुक्रवार. १४६/९०

वडिलांच्या खणातून कराराची छोटी पुस्तिका काढली. त्या कलमाखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढलेली आहे. आपणहून ले-ऑफ, मुदत एक वर्ष, जागा यादीतल्या पुढच्या नावाला. अगदी स्वच्छ लिहिलंय. पुढच्या करारांच्या पुस्तिका माझ्या कपाटात आहेत, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. कलम तेच असणार, कलमं कुठे पळून जातात! गसला विचारता आलं असतं, पण मग जेनाला संध्याकाळपर्यंत कळलं असतं आणि तिने मला सही करू दिली नसती.

मला नोव्हेंबरमध्ये तीस वर्षं होतील. तीस झाली की पूर्ण पेन्शन, एकोणतीसला नाही. पण वर्षभराने परत बोलावतात, तेव्हा उरलेले नऊ महिने भरून काढीन.

लोइसला एवढंच म्हणालो, "जेनाचं मी बघतो."

"काय बघतोस?"

"बघतो म्हटलं ना."

"एमिल, काहीही करायच्या आधी तिच्याशी बोल. माझी शपथ आहे तुला."

"बोलेन की."

एवढी शपथ घालायचं काय कारण?

५ फेब्रुवारी, गुरुवार. १३६/८४

सही केली.

ऑफिसातली मुलगी चांगली होती, पण लहान. "पेंट विभाग, बरोबर ना? कलम नीट वाचलंत ना तुम्ही?" मी म्हटलं, "पोरी, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून हे कलम मला पाठ आहे." तिने आणखी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी टोपी घालून निघालो होतो.

बाहेर आलो आणि थंडीत गाडीपाशी नुसता उभा राहिलो. खरं सांगतो, गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. आकडेही बघा.

८ फेब्रुवारी, रविवार. १३४/८४

जेना जेवायला आली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ट्रक मिळेल का विचारत होती, मागे ट्रेलर जोडायचाय. एका मैत्रिणीचं सामान हलवायचंय म्हणे. म्हटलं, ने की, मला काय तेव्हा कुठे जायचंय! आणि माझं मलाच हसू आलं. नवी यादी लागेल तेव्हा हिचं तोंड बघण्यासारखं होईल.

तिने तिच्या कुंड्या लोइसला आणून दिल्या, सगळ्या. तिच्या घरात ऊन येत नाही म्हणे. सहा वर्षं येत होतं ते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन लावलं नाही. उद्या राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचे उपास सुरू, म्हणून आज पोंचकी, आमचे जॅम भरलेले पोलिश डोनट. मी पाच खाल्ली. त्यातली तिसरी आलुबुखाऱ्याची होती. नर्सबाईंनी हे पान वाचू नये.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. १८४/१०८

दोनदा मोजलं, तेच आलं.

सकाळी नवी यादी लागली. माझ्या नावापुढे "स्वेच्छेने". रेघेखालचं पहिलं नाव तेच: दुदेक, जेना एम. आणि रेघेच्या वर, सगळ्यात शेवटी, हाताने लिहिलेलं: पुलियम, ड्वेन आर.

मी गसला कँटीनमध्ये गाठलं. "ही यादी चुकलीय."

"नाही चुकली. तुझी जागा पेंटमधली. ती पेंटमधल्याच माणसाला जाते. रेघेखाली पेंटचा पहिला माणूस ड्वेन."

"जागा सगळ्या कारखान्यातल्या पुढच्या नावाला जाते. माझ्या वडिलांनी..."

"तो जुना करार. २००९ला बदलला, कंपनी बुडत होती तेव्हा. आता विभागापुरतंच." त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "आपण दोघांनी शेजारी उभं राहून हात वर केला होता, एमिल. तू म्हणालास, काय ते लवकर करा, मॅच सुरू होईल."

मला तो दिवस आठवत नाही. मॅच आठवते.

आणि जेना पेंटमध्येच होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत. वाफेने तिला खोकला व्हायचा म्हणून मीच गसकडे शब्द टाकून तिला दारांच्या लाइनवर हलवलं होतं.

"सही मागे घेता येईल?"

"सात दिवसांत. ते गेले." मग गसला उमगलं. "अरे देवा. तू जेनासाठी..."

"तोंड उघडलंस तर याद राख," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ऐकलं.

तेवढ्यात ड्वेन आला. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "मी तुझ्याशी कसा वागलो, आणि तू... रोझलीचं डायलिसिस चालू आहे, एमिल. मी कुणाला बोललो नव्हतो. तुला कसं कळलं?"

मला काही कळलं नव्हतं. त्याच्या बायकोचं नाव रोझली आहे हेसुद्धा मला आज कळलं. सगळं कँटीन माझ्याकडे बघत होतं आणि बर्निस डोळे पुसत होती. मी म्हणालो, "पान टाक, लेका." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार. १८०/१०४

सकाळी जेनाकडे गेलो. दार उघडं होतं. आत खोकी, सगळीकडे खोकी, एकावर एक, नावं लिहिलेली. सोफा नव्हता.

"बस बाबा," ती म्हणाली. बसायला जागा नव्हती. मी एका खोक्यावर बसलो, त्यावर "हिवाळी कपडे, देऊन टाकणे" असं लिहिलं होतं.

तिने टेक्सासच्या कारखान्यात बदली मागून घेतली होती. जानेवारीत. यादी लागायच्या आधीच.

"आधी?"

"आज नाही तर सहा महिन्यांनी जायचंच होतं. इथे काही उरलेलं नाही बाबा. मैदानातल्या त्या गाड्या बघतोस ना तू?"

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू काहीतरी केलं असतंस."

मग मी तिला सांगितलं, मी काय केलं ते. ती खाली फरशीवर बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली, लहानपणी सायकलवरून पडल्यावर रडायची तशी, आवाज करून. "विचारायचंस ना रे. एकदा विचारायचंस." मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. मीही रडलो. वहीत खोटं कशाला लिहू.

घरी आलो. लोइस ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"मला वाटलं, तू बोलशील तिच्याशी. तू कबूल केलं होतंस."

केलं होतं. तीस जानेवारीच्या पानावर आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. १६६/९८

शेवटचा दिवस. शेवटची गाडी करड्या रंगाची. दोनदा तळवा फिरवला, दाणा नव्हता. तरी घासायचं कापड फिरवलं.

उपासातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. संध्याकाळी चर्चच्या तळघरात ते तळतात तिथे गेलो, लोइसने नेलं म्हणून. फादर वाढायला उभे होते, मला एक तुकडा जास्त वाढला आणि मोठ्याने म्हणाले, "उपासात लोक चॉकलेट सोडतात. एमिलने काय सोडलं बघा." रोझली पुलियम भेटली. हात एवढा बारीक की धरायची भीती वाटली. म्हणाली, रोज रात्री माझ्यासाठी प्रार्थना करते. मी थँक यू म्हटलं. मासा लोइसच्या ताटात सरकवला.

खरं काय ते कुणाला सांगू? ड्वेनला? की तुझ्यासाठी मी बोटही उचललं नसतं?

७ मार्च, शनिवार. १५२/९२

जेना गेली. ट्रक तिलाच दिला. तिची जुनी गाडी टेक्सासपर्यंत टिकली नसती, ती विकून टाकली. ट्रेलरच्या साखळ्या मी दोनदा तपासल्या, मग तिने मला हळूच बाजूला केलं. म्हणाली, ईस्टरला येते. टेक्सास दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे आणि नव्या माणसाला तिथे वर्षभर रजा नाही. हे तिलाही माहीत आहे, मलाही. मी म्हटलं, ये.

लोइस कुंड्यांना पाणी घालत होती. आधीच घातलेलं होतं.

५ एप्रिल, रविवार. १३८/८६

ईस्टर. फोनवर बोललो. तिकडे उन्हाळा सुरू झालाय. तिला दारांच्या लाइनवरच घेतलंय. "वेग किती?" विचारलं. "ताशी साठ," म्हणाली. ऐकून बरं वाटलं आणि मग वाटलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार. १३०/८२

गस स्वतः घरी आला, बूट न पुसता. मेअखेर कारखाना बंद. पहिली शिफ्ट, पेंट, दारं, बॉयलर, सगळं. नवीन मॉडेल दुसरीकडे गेलं. परत बोलावण्याची यादी म्हणून काही राहणार नाही, कारण बोलवायला जागाच नाही.

"तुझे नऊ महिने..." गस म्हणाला.

"हो."

"मी शब्द टाकून बघतो."

"बघ."

दोघांनाही माहीत होतं की शब्द टाकायला तिकडे आता कुणी नाही. लोइसने त्याला कॉफी दिली. या खेपेला यादी नाही. सगळीच नावं खाली, तर यादी कशाला लावतील?

१६ एप्रिल, गुरुवार. १२२/७८

आज दवाखान्यात तपासणी. ट्रक नाही म्हणून ड्वेन शिफ्ट संपवून न्यायला आला, त्या गाडीतून. पाच वर्षं जिला शिव्या घातल्या तिच्यात बसलो. सीट गरम होते. हे मी कुणाला सांगणार नाही.

वाटेत कारखाना लागला. गेटवरची पाटी तशीच होती आणि आता दुसरी शिफ्ट नसल्याने आत एकही गाडी नव्हती. ड्वेनने वेग कमी केला.

"तीनच महिने मिळणार मला," तो म्हणाला. "पण तेवढे तीन महिने रोझलीचा विमा चालू राहतोय, एमिल. तू नसतास तर..."

आत्ता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलंही. तो समोर रस्त्याकडे बघत होता, कानापर्यंत लाल झालेला, आणि एका हाताने हीटर माझ्या बाजूला वळवत होता.

"पुढे कुठे जाणार?" मी विचारलं.

"आता तिसऱ्यांदा शून्यापासून नाही जमणार. रोझलीच्या भावाकडे. तू?"

"आम्ही इथेच."

दवाखान्यात नर्सबाईंनी मशीन लावलं, मग पुन्हा लावलं. चष्मा वर केला आणि हसल्या. वही घेतली, पानं भराभर उलटली. काय लिहिलंय ते वाचलं नाही, फक्त वरच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या, जानेवारी, फेब्रुवारी, इथे जरा चढलाय, मग उतरत उतरत आजपर्यंत.

"वा, मिस्टर दुदेक! तीन वर्षांत पहिल्यांदा. काय करताय हल्ली?"

"काही नाही."

"मग तेच चालू ठेवा," त्या म्हणाल्या, आणि वही माझ्या हातात परत दिली.